बांधावरील झाडे तोडण्यापूर्वी

डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांतील वाडीवाल्या सभासदांत हल्ली एक मागणी वारंवार ऐकू येते. चिकूवरील कीड रानातून येते, सबब रानाच्या बाजूस असलेली बांधावरची साग, ऐन, मोह, बकुळ इत्यादी झाडे काढून वाडी चोहोकडून मोकळी करावी, अशी ती मागणी आहे. यांतील काही झाडे तोडण्यास सरकारी परवानगी लागते, हा मुद्दा आम्ही मुद्दामच बाजूस ठेवतो; उभा जन्म परवानग्यांचे कागद लिहिण्यात गेला, परंतु केवळ कागद आड येतो म्हणून कोणी मनापासून झाड राखले असे आम्हांस दिसले नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. आरोपीची जबानी न घेताच आपण निकाल देऊन मोकळे होत आहोत, हा तो आक्षेप होय.

या मागणीचे मूळ डोळ्यांना दिसणाऱ्या देखाव्यात आहे. पावसाळा सरता सरता तलासरीकडील सागाचे रान पाहावे. पानापानाची जाळी झालेली असते आणि लांबून पाहता वणवा फिरून गेल्यासारखे सारे तांबूस दिसते. एवढी अळी उद्या आपल्या वाडीत उतरली तर काय, अशी धास्ती कोणासही वाटेल. परंतु सागावर अळ्यांच्या दोन मुख्य जाती आहेत. एक पावसाच्या आरंभी कोवळी पालवी फस्त करते; दुसरी मागाहून येऊन जून पानांची जाळी करते. केरळ वनसंशोधन संस्थेतील डॉ. के. एस. एस. नायर व त्यांचे सहकारी यांनी निलंबूर येथील तरुण सागवनात काही झाडांचे अळीपासून रक्षण केले, काही तशीच सोडली, आणि कित्येक वर्षे त्यांची वाढ मोजली. १९८५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. पालवी खाणाऱ्या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीत ४४ टक्के तूट येते. जाळी करणाऱ्या अळीमुळे मात्र लक्षात घेण्याजोगी तूट येत नाही, कारण ती खाते ती पाने थोड्याच काळात गळावयाचीच असतात. म्हणजे जिला पाहून आपण हाकाटी करतो ती जवळजवळ निरुपद्रवी, आणि खरी चोरटी पेरणीच्या गर्दीत आपली नजर चुकवून खाऊन जाते! शिवाय चिकूच्या कळ्या व बिया पोखरणाऱ्या अळ्या या दोहोंहून अगदी वेगळ्या आहेत. सागावर राग काढून चिकू सुधारणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

प्रतिपक्षाच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चिकू हे मेक्सिकोकडील परदेशी झाड. तथापि बकुळ, मोह व खिरणी ही आपली झाडे त्याच्याच कुळातील आहेत. चिकूची पाने गुंडाळून आत राहणारी अळी बकुळीवरही आढळते. तेव्हा बकुळीकडे संशयाने पाहणाऱ्यास आम्ही वेडा ठरवीत नाही. परंतु त्याच न्यायाने हेही ध्यानात घ्यावे की आपली चिकूची कलमे खिरणीच्या खुंटावर बांधलेली असतात. ज्या कुळाने कीड दिली त्याच कुळाने मूळही दिले आहे. आणि ज्या झाडावर अळी राहते तेथेच, त्या अळीच्या अंगात अंडी घालून तिला आतून पोखरणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही राहतात. झाडाबरोबर त्याही जातील.

येथे आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीत असता एक तरुण संशोधक हातात जाळी व खांद्यास काचेच्या नळ्यांची झोळी घेऊन कचेरीत आले होते. रानालगतच्या गटांचा नकाशा त्यांस पाहावयाचा होता. पतंग धरणाऱ्यास नकाशा कशास, असे म्हणून आम्ही त्यांस तीन दिवस हेलपाटे घालावयास लावले. चौथ्या दिवशी ते आले नाहीत. पुढे पेन्शन घेऊन वाडी पाहू लागलो, तेव्हा शेजाऱ्याचे पाहून भर फुलोऱ्यात आम्हीही दोन फवारण्या केल्या. कळीवरील अळी हटली, परंतु त्या हंगामात फळ कमी धरले. हवेचाही त्यात वाटा असेल. तथापि मागाहून आमच्या वाचनात आले की, चिकूच्या अर्धवट मिटलेल्या फुलांत शिरून परागीकरण करण्याचे काम बारीक फुलकिडे करतात, असे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले आहे. ज्यांस शत्रू समजून औषध मारले ते आमचे बिनपगारी गडी होते. त्या तरुणास चहा पाजून बसवून घेतले असते, तर ही गोष्ट कदाचित वेळीच कळली असती.

रानातील कीटकांचा अभ्यास हा रिकामटेकड्यांचा छंद नव्हे. देहरादून येथे १९०६ साली वनसंशोधन संस्था निघाली. तेथील कीटकशास्त्रज्ञ बीसन यांनी वनकीटकांवरील आपला मोठा ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध केला. सालवृक्ष पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची साथ मध्यप्रांतात १९२३ ते १९२८ पर्यंत होती, आणि १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशात ती पुन्हा उसळली. या भुंगेऱ्यास ताज्या सालरसाचा भारी सोस, हे शास्त्रज्ञांनी हेरले. ताजे ओंडके तोडून त्यांची टोके ठेचून ठेवावयाची; रसाच्या वासाने भुंगेरे दुरून येतात, पिऊन सुस्त होतात, आणि गावकरी त्यांस वेचून दर नगामागे मजुरी घेतात. किडलेली झाडे तोडावी लागलीच. परंतु किडलेले कोणते व निरोगी कोणते हे पाहून मग कुऱ्हाड चालविणे, आणि सरसकट चालविणे, यांत अंतर आहे.

आमच्याकडील अडचण हद्दीची आहे. चिकू पाहावा कोसबाड टेकडीवरील कृषि विज्ञान केंद्राने, रान पाहावे वनखात्याने. आणि कीटक तर बांधावर बसलेला! त्यास सातबारा ठाऊक नाही. म्हणून आमची सूचना अशी आहे की, मंडळाने आपल्या खर्चाने दहा वाड्या निवडाव्या; पाच बांधावर झाडे असलेल्या, पाच नसलेल्या. दोन वर्षे दर पंधरवड्यास किडक्या कळ्या व फळे मोजून नोंदवहीत लिहावी, आणि ती वही घेऊन कोसबाडच्या व वनसंशोधनाच्या तज्ज्ञांस एकत्र बोलवावे. मोजणीच्या कामी वाडीवर राबणाऱ्या वारली स्त्रीपुरुषांस मजुरी देऊन घ्यावे. कोणत्या झाडावर कोणती अळी केव्हा येते हे त्यांस आपल्याहून अधिक ठाऊक असते. एका हंगामाच्या औषधांच्या बिलापुढे हा खर्च काहीच नव्हे.

तोपर्यंत आमच्या बांधावरील बकुळीस आम्ही हात लावणार नाही. रात्री कोणी पांढरी चादर टांगून, दिवा लावून बांधाशी बसलेला आढळला, तर सभासदांनी त्यास चोर समजून हाकलू नये. त्यास ओटीवर जागा द्यावी, आणि नकाशा हवा असेल तर आमच्याकडे पाठवावे. रानालगतच्या गटांच्या सीमा आम्हांस अद्याप तोंडपाठ आहेत.