सद्यःप्राणहर आघात आणि आपली सिद्धता

आघातामुळे हृदय थांबलेल्या रुग्णावर उपचार करणे निष्फळ, असा समज वैद्यकक्षेत्रात दीर्घकाळ रूढ होता. लंडनच्या हवाई रुग्णसेवेने त्याचा फेरविचार करावयास लावले. १९८९ पासून ही सेवा डॉक्टर व पॅरामेडिक यांना दिवसा हेलिकॉप्टरने, रात्री मोटारीने घटनास्थळीच पोहोचविते. रक्तस्राव, प्राणवायूचा अभाव, फुप्फुसावरणात कोंडलेली हवा आणि हृदयावरणात साचलेले रक्त ही कारणे तेथेच शोधली जातात. प्रसंगी रस्त्यावरच छाती उघडून शस्त्रकर्म केले जाते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अशा ९०९ रुग्णांपैकी ६८ वाचले.

सुश्रुतसंहितेने हृदयाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली असून रक्तस्राव थांबविण्याचे चार उपायही सांगितले आहेत. म्हणून असे शस्त्रकर्म आपल्या अधिकारात येते, असा दावा आम्ही करणार नाही. मात्र महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ रुग्णवाहिकांवर आपले अनेक बीएएमएस पदवीधर काम करतात. अपघातग्रस्ताला प्रथम स्पर्श त्यांचाच होतो. हेलिकॉप्टर कधी येईल ते येवो; श्वासमार्ग मोकळा करणे आणि जखमेवर दाब देऊन रक्त थांबविणे यांस ते लागत नाही, सराव लागतो.

संघटनेने जिल्हावार सराववर्ग भरवावेत. औषधालयांच्या मालकांनीही दाबपट्ट्या सदैव हाताशी ठेवाव्यात व कर्मचाऱ्यांना त्या बांधावयास शिकवावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.