हात धुणे थांबत नाही तेव्हा

नळाला पाणी येते तासभर. त्यात चौदा वर्षांची मुलगी अर्धा तास हातच धूत बसली, तर घरात आरडाओरडा होणारच. साबणाची वडी दोन दिवसांत संपते, हाताची कातडी फाटते. तरी ती विचारते, "आई, झाले ना गं स्वच्छ?" आई म्हणते, "झाले." पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न.

कुणी म्हणते नाटक, कुणी म्हणते बाहेरची बाधा. दोन्ही खोटे. हा मंत्रचळ नावाचा आजार आहे; डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. कुणी कडी दहादा तपासतो, कुणी लिहिलेले पान खोडून पुन्हा लिहितो. आपले चुकते आहे हे पुष्कळ मुलांना कळते, पण थांबता येत नाही.

असे का होते? हात धुतले की भीती घटकाभर कमी होते. मन समजते, धुतले म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती दुप्पट जोराने येते. आईचे "झाले" हे उत्तरही तेच करते. मायेपोटी आपण आजाराला खतपाणी घालतो.

लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली याच्या उलट वाट दाखवली. भीती वाटते त्या वस्तूला हात लावायचा, पण नंतर धुवायचे नाही. मुलांबरोबर हे पायरीपायरीने करतात. आधी दाराची कडी, मग चप्पल. पायऱ्या मुलाशी बोलून ठरतात. भीती आधी चढते, मग न धुताही ओसरते. हे मुलाने स्वतः अनुभवले की गाठ सुटू लागते.

अमेरिकेत 7 ते 17 वयाच्या 112 मुलांची पाहणी 2004 साली प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांत ही थेरपी आणि गोळ्या दोन्ही मिळालेल्यांपैकी निम्म्याहून थोडी अधिक मुले जवळजवळ बरी झाली. नुसत्या थेरपीने शंभरात 39, नुसत्या गोळ्यांनी 21.

मात्र उद्यापासून नळ बंद करू नका, मारू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीत बोला. फोन मोफत आहे. घरच्यांनी उत्तर देणे हळूहळू कसे कमी करायचे, हे त्यांच्याकडूनच शिका. मग मुलीने विचारले, तर जवळ बसून एवढेच म्हणा, "ही भीती बोलते आहे, बाळा. आपण दोघी जरा थांबू."

गंड्यादोऱ्यात गेलेले वर्ष परत येत नाही. मुलीची शाळा सुटण्याआधी उठा.