हिरवा दिवा लागल्यानंतरचे काम

पिंपरी-चिंचवड आणि चाकण औद्योगिक पट्ट्यात घरगुती ब्रॉडबँडचा प्रश्न आता केबल दारापर्यंत नेण्याचा फारसा उरलेला नाही; दारापर्यंत आलेल्या केबलच्या टोकाला राउटर कोठे टांगला जातो, कोणत्या सेटिंगवर सोडून दिला जातो आणि त्याचा पासवर्ड कोणाच्या हाती राहतो, हा तो प्रश्न आहे. काचतंतूतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी घरातली पेटी, जिला व्यवसायात ओएनटी म्हणतात आणि जिच्यातच बहुधा वायफाय राउटरही असतो, तिच्यावरचा ‘लॉस’चा लाल दिवा विझून ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर झाला की जोडणी पूर्ण झाली असे धरले जाते, ग्राहकाला मोबाइलवर स्पीड टेस्टचा आकडा दाखवला जातो आणि तंत्रज्ञ पुढच्या पत्त्याकडे निघतो. ‘नेट स्लो आहे’ या एका वाक्यात मावणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याचशा या निघण्याच्या घाईत पेरलेल्या असतात, आणि त्यांचे खापर मात्र कधी पट्ट्यातल्या खोदलेल्या रस्त्यांवर, कधी कंपनीच्या सर्व्हरवर फोडले जाते.

रस्त्यापासून ओएनटीपर्यंतचा भाग या मासिकाच्या वाचकांना चांगला अवगत आहे, म्हणून त्याविषयी थोडकेच. जीपॉन पद्धतीत एका ओएलटी पोर्टचा प्रकाश स्प्लिटरने वाटला जातो, आणि दर दुभागणीला साधारण साडेतीन डेसिबल या हिशेबाने ३२ घरांच्या वाटणीत सुमारे १७ डेसिबल खर्च होतात. नेहमीच्या बी-प्लस वर्गात ओएनटीला −८ ते −२७ डीबीएम इतका प्रकाश चालतो, आणि ओएलटीतून +३ डीबीएमच्या आसपास निघालेला प्रकाश दोनचार किलोमीटर चालूनही −१७च्या घरात पोहोचायला हवा. असे असताना पॉवर मीटर −२६ दाखवत असेल, तर दोष अंतराचा नसून मळलेल्या कनेक्टरचा, दाराच्या चौकटीत काटकोनात दुमडलेल्या ड्रॉप केबलचा, किंवा तिरप्या घासलेल्या हिरव्या कनेक्टरला निळा जोडण्याच्या हातघाईचा असतो. अशी जोडणी दिवा हिरवा ठेवते आणि पहिल्या निमित्ताला कोसळते. मीटरवरचा आकडा जोडणीच्या दिवशी कागदावर उतरवला गेला नाही, तर सहा महिन्यांनी आलेल्या तंत्रज्ञाला बिघाड नवा की जन्मजात, हे कळण्याचा मार्ग राहत नाही.

खरा गुंता त्यापुढे, घराच्या भिंतींत आहे, आणि या पट्ट्यातल्या भिंती एकाच प्रकारच्या नाहीत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि १९९७ साली भोवतालची गावे तिच्या हद्दीत घेण्यात आली. यातल्या प्रत्येक टप्प्याने आपापल्या तऱ्हेची घरे मागे ठेवली. निगडी प्राधिकरणातले विटांचे बैठे किंवा दुमजली घर राउटरला सोपे जाते. वाकड, पुनावळे, रावेत येथल्या नव्या टॉवरांतली घरे त्याच्या उलट, कारण त्यांतली पुष्कळशी मायवन पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदम ओतून बांधलेली असतात, आणि तेथे खोलीखोलीतली आतली भिंतसुद्धा सळ्यांच्या जाळीची काँक्रीट भिंत असते. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांत जमीनमालकांनी कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या रांगा हा तिसरा प्रकार. तेथे भिंत अडथळा होत नाही, शेजार होतो.

टॉवरमधल्या घरात केबल डक्टमधून मुख्य दाराशी येते, म्हणून राउटर दाराशीच, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे बसतो, आणि हिंजवडीच्या कंपनीचे काम घरून करणारा अभियंता सर्वांत आतल्या खोलीत दार लावून बसतो. मधल्या दोन काँक्रीट भिंती आणि एखादे लोखंडी कपाट ओलांडताना ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ संपतात, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लंगडत पोहोचतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, तर ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झ रुंदीचा प्रशस्त पट्टा २०१८च्या ऑक्टोबरात. पहिल्यात पल्ला आहे पण जागा नाही, दुसऱ्यात जागा आहे पण पल्ला नाही, आणि घर पाहून या दोहोंचा मेळ घालणे हे तंत्रज्ञाचे काम आहे, ग्राहकाचे नाही.

येथे एक गैरसमज तंत्रज्ञांमध्येही आढळतो. मोबाइलवर वायफायच्या कांड्या पूर्ण दिसत असूनही व्हिडिओ कॉल तुटतो, तेव्हा दोष बाहेरच्या लाइनीचा ठरवला जातो. कांड्या केवळ राउटरचा आवाज मोबाइलला किती ऐकू येतो एवढेच सांगतात; मोबाइलचा आवाज राउटरपर्यंत पोहोचतो का, हे त्या सांगत नाहीत, आणि मोबाइलची प्रक्षेपणशक्ती राउटरहून बहुधा बरीच कमी असते. त्यामुळे ‘जास्त अँटेनांचा’ राउटर विकून ही अडचण सुटत नाही. डक्टपासून घराच्या मध्यापर्यंत दहा-बारा मीटर केबल ओढून पेटी तेथे, छातीच्या उंचीवर बसवणे, आणि ते शक्य नसेल तर आतल्या खोलीत केबलने जोडलेला दुसरा ॲक्सेस पॉइंट देणे, हा उपाय स्वस्तही आहे आणि टिकाऊही. बाजारात मिळणारा रिपीटर, म्हणजे एकाच रेडिओवर संकेत ऐकून तोच पुन्हा प्रक्षेपित करणारी पेटी, जवळपास अर्धा वेग स्वतःच खाते. ती सुचवणे म्हणजे तक्रार पुढच्या महिन्यावर ढकलणे होय.

चाकणच्या खोल्यांमध्ये गणित वेगळे आहे. एका रांगेतल्या वीस खोल्यांत वीस नाही तरी सात-आठ राउटर असतात, सगळे २.४ गिगाहर्ट्झवर आणि सगळे कारखान्यातून आलेल्या ‘ऑटो’ सेटिंगवर. भारतात या पट्ट्यात १३ चॅनल वापरता येत असले तरी एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ हे तीनच. त्यांतही राउटर ४० मेगाहर्ट्झ रुंदीवर ठेवला तर एकच घर पट्ट्याचा निम्म्याहून अधिक भाग अडवते. खोक्यावर छापलेला ‘३०० मेगाबिट’ हा आकडा याच रुंदीवरचा, तोही केवळ हवेतल्या कच्च्या वेगाचा असतो. दाट वस्तीत रुंदी २० मेगाहर्ट्झवर आणणे, मोबाइलमधल्या साध्या ॲपने शेजारचे चॅनल पाहून तिघांपैकी सर्वांत मोकळा निवडणे आणि प्रक्षेपणशक्ती मध्यम ठेवणे, यांना पाच मिनिटे लागतात, आणि त्या पाच मिनिटांनी शेजारच्या सहा घरांचेही भले होते. चाकणमधून जाणाऱ्या पुणे-नाशिक महामार्गाने पुढे नारायणगावाजवळ, खोडद येथे, जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे, आणि तिच्यासाठी ती जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे ही एक कसोटी होती. चाकणला तशी निवड करण्याची सोय नाही, म्हणून तेथे शिस्तच उपयोगी पडते.

वेगाच्या आकड्यांबाबतही थोडी प्रामाणिकता हवी. ब्रॉडबँड या नावाला पात्र ठरणारा किमान वेग २००४च्या धोरणात २५६ किलोबिट होता, २०१३ साली तो ५१२ किलोबिट झाला आणि २०२३च्या जानेवारीत २ मेगाबिटवर आला. विक्रीची भाषा मात्र केव्हाच २०० आणि ३०० मेगाबिटवर गेली आहे. स्वस्त राउटरांचे पोर्ट अजून १०० मेगाबिटचे असतात, त्यामुळे २०० मेगाबिटचा प्लॅन घेतलेल्या ग्राहकाला त्या पोर्टमधून ९५च्या आसपासच मिळतात. आठ तारांच्या केबलमधल्या चारच तारा क्रिंप केल्या तरी नेमके हेच होते. प्लॅन वाढवून विकणाऱ्याने पेटी बदलली नसेल, तर ग्राहकाची तक्रार खरी असते आणि तिला ‘वायफायमध्ये एवढे चालायचेच’ हे उत्तर देणे व्यवसायाला शोभत नाही. ग्राहकाने स्वतःचा चांगला राउटर आणला असेल तर ओएनटी ब्रिज मोडवर, म्हणजे केवळ रूपांतरापुरती ठेवावी; दोन्ही पेट्या १९२.१६८.१.१ हाच पत्ता धरून पत्ते वाटू लागल्या की होणारा गोंधळ दूरध्वनीवरून सुटत नाही. घरून काम करणाऱ्यांच्या व्हीपीएनचा, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात शिरण्याच्या बंदिस्त मार्गाचा, त्रास बऱ्याचदा पीपीपीओईच्या लॉगइनमुळे पाकिटाची कमाल लांबी १५०० ऐवजी १४९२ बाइट होते, एवढ्या क्षुल्लक कारणाने होतो. हे ज्याला माहीत असते तो दोन मिनिटांत मोकळा होतो, ज्याला नसते तो तीन वेळा पेटी बदलतो.

पासवर्डचा विषय सर्वांत उपेक्षित आहे. वायफायचा पासवर्ड म्हणून ग्राहकाचा मोबाइल क्रमांक ठेवण्याची पद्धत इतकी रुळली आहे की इमारतीच्या व्हॉट्सॲप गटात असलेल्या कोणालाही शेजाऱ्याचे वायफाय उघडता यावे. राउटरच्या आतल्या सेटिंगचा, म्हणजे ॲडमिनचा, पासवर्ड तर बदललाच जात नाही. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले राउटर, कॅमेरे आणि डीव्हीआर याच फटीतून, कारखान्यातून आलेली नावे आणि पासवर्ड एकामागून एक लावून पाहत, ताब्यात घेतले आणि त्यांच्या झुंडी मोठमोठ्या सेवांवर सोडल्या. भोसरी, तळवडे येथल्या लघुउद्योजकांच्या गाळ्यांत घरगुती प्लॅनचाच राउटर चालतो, आणि मालकाला सीसीटीव्ही घरून पाहता यावा म्हणून त्यात डीव्हीआरसाठी पोर्ट उघडून दिला जातो. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड तसाच राहिला तर त्याच जाळ्यावरचा बिले करणारा संगणकही धोक्यात येतो. ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींहून अधिक उलाढालीच्या उद्योगांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे, त्यामुळे तो संगणक अडला तर भरलेला टेम्पो गाळ्यातच उभा राहतो. एक बटण दाबून जोडणी करणारी डब्ल्यूपीएस सोय तिच्यातला दोष २०११ सालीच उघड झाल्यामुळे बंद ठेवावी, आणि पाहुण्यांसाठी व कॅमेऱ्यांसाठी वेगळे नेटवर्क द्यावे. बहुतेक पेट्यांत ही सोय असते, फक्त कोणी ती चालू करत नाही.

खोल्यांच्या मालकाने एक जोडणी घेऊन भाडेकरूंकडून महिन्याला ठरावीक रक्कम घेणे, हा प्रकार या पट्ट्यात उघड गुपित आहे आणि स्थानिक ऑपरेटर त्याकडे काणाडोळा करतात. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या, वर्षभरात खोली बदलणाऱ्या कामगाराला स्वतःची जोडणी परवडत नाही किंवा सोयीची नसते, हे खरे. पण पैसे घेऊन जोडणी वाटणे म्हणजे परवान्याविना सेवा विकणे होय, आणि एखादा गुन्हा त्या जोडणीवरून घडला तर पोलीस ज्याच्या नावावर केवायसी आहे त्याच्या दारात येतात. यावर वैध मार्ग उपलब्ध आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदार किंवा खोल्यांचा मालकसुद्धा परवाना, नोंदणी वा शुल्क यांविना सार्वजनिक डेटा कार्यालय चालवू शकतो, ग्राहकाची ओळख ॲपमधून पटते आणि हिशेब ॲग्रिगेटर ठेवतो. अशा कार्यालयांना महागड्या लीज्ड लाइन घेण्याची सक्ती होऊ नये म्हणून जून २०२५मध्ये ट्रायने २०० मेगाबिटपर्यंतच्या जोडणीसाठी त्यांच्याकडून घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारणीस मनाई केली. चाकणच्या ऑपरेटरांनी चोरटी वाटणी चालू देण्यापेक्षा हा धंदा स्वतः उभा करावा. त्यात उत्पन्नही आहे आणि झोपही शांत लागते.

विजेचे तेवढे सांगायचे राहते. गुरुवार हा येथल्या कारखान्यांच्या साप्ताहिक सुटीचा दिवस आणि दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचाही. अर्थात, लोक घरी आणि राउटर बंद. १२ व्होल्टच्या पेटीला ताशी लागणारी वीज किरकोळ असते, त्यामुळे इन्व्हर्टर नसलेल्या घरात छोटा डीसी यूपीएस दोनतीन तास सहज काढतो, मात्र ॲडॉप्टरवरचा अँपिअरचा आकडा पाहूनच तो घ्यावा, कारण दीड अँपिअरच्या पेटीला एक अँपिअरचा पुरवठा दिला की ती भार येताच स्वतःच बंद-चालू होत राहते.

हे सारे करायला जोडणीमागे अर्धा तास अधिक लागतो, आणि जेथे तंत्रज्ञाला नगावर पैसे मिळतात तेथे तो अर्धा तास त्याच्या खिशातून जातो. तेव्हा दोष त्याच्या आळसाला देणे अन्यायाचे ठरेल. ऑपरेटरांनी दर ठरवतानाच हा वेळ धरावा आणि प्रत्येक नव्या जोडणीच्या पावतीवर चार नोंदी सक्तीच्या कराव्यात: पॉवर मीटरवरचा आकडा, निवडलेला चॅनल व त्याची रुंदी, सर्वांत आतल्या खोलीत घेतलेला वेग, आणि ॲडमिन पासवर्ड बदलून ग्राहकाच्या हाती दिल्याची ग्राहकाची सही.