कार्ड काढण्यापूर्वी

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकासाठी केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीच्या मुहूर्तावर, आयुष्मान वय वंदना कार्ड आणले. उत्पन्नाची अट नाही. रुग्णालयातील उपचारांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आईवडिलांच्या आजारपणात दागिने गहाण टाकणाऱ्या कुटुंबांना या निर्णयाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

कल्याणमध्ये मात्र एक प्रश्न उरतो. रेल्वेने वाढवलेल्या या शहरात सरकारी निवृत्तिवेतनधारकांची घरे पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेकांना निवृत्तीबरोबरच उपचारांची हमीही मिळालेली आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांना सीजीएचएस, माजी सैनिकांना ईसीएचएस, तर रेल्वेच्या निवृत्तांना त्यांची स्वतंत्र योजना व कल्याणचे रेल्वे रुग्णालय. सीजीएचएस, ईसीएचएस यांसारख्या सार्वजनिक योजनेच्या लाभार्थ्याने जुनी योजना किंवा आयुष्मान यांपैकी एकच निवडावी, असा नियम आहे. खासगी विमा वा ईएसआय असणाऱ्यांना ही अट नाही. नियम रास्तच आहे. एकाच रुग्णासाठी सरकारी तिजोरीने दोनदा तरतूद का करावी?

परंतु ५ लाखांच्या आकड्याने दिपून जाणाऱ्यांनी थोडे थांबावे. आयुष्मानचे संरक्षण रुग्णालयात दाखल होणाऱ्यास आहे. त्याला जोडून आधीचे ३ आणि नंतरचे १५ दिवस. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची नियमित तपासणी त्यात बसत नाही. वृद्धापकाळी खरा खर्च याच गोष्टींचा असतो आणि जुन्या योजना नेमका तोच उचलतात. शिवाय हे कार्ड सत्तरीपुढच्यांचेच. अडुसष्ट वर्षांच्या पत्नीचे काय, हे जुनी योजना सोडण्यापूर्वी त्या कार्यालयात जाऊन विचारलेले बरे.

याच शहराच्या दुसऱ्या टोकाला मोहने आहे. तेथील एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला. अशा कारखान्यांतील कामगारांना भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेतून जे निवृत्तिवेतन मिळते, त्याची किमान रक्कम २०१४ मध्ये १००० रुपये ठरली; वैद्यकीय लाभ त्यात मुळीच नाही. या माणसांना दोन योजनांतून निवड करण्याचा पेच पडत नाही. नोंदणीची शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनी पहिले टेबल मोहन्याच्या चाळींत मांडावे, आणि शहरातल्या टेबलावर अंगठा घेण्याआधी ‘काका, तुमच्याकडे आधीचे कोणते कार्ड आहे?’ एवढे विचारावे.