कुटुंब म्हणजे कोण?

हिवरा आश्रमात विवेकानंद जन्मोत्सवाच्या निमित्ताने लक्षावधी भाविक पंगतीत बसतात आणि पुरी-वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरमधून वाढला जातो. असे काम आयत्या वेळच्या उत्साहावर निभत नाही. कोणत्या रांगेत कोणी काय वाढायचे, हे भट्टी पेटण्यापूर्वीच ठरवावे लागते.

संगणक प्रणालीचेही तेच. तिने नेमके काय करावे, हे आधी लिहून काढतात. अभियंते त्यास ‘रिक्वायरमेंट’ म्हणतात. आपण गरजपत्रक म्हणू. त्यातील प्रत्येक वाक्य एकाच अर्थाचे आणि पडताळता येण्याजोगे हवे. ‘प्रणाली वेगवान असावी’ ही केवळ इच्छा. ‘सातबारा ५ सेकंदांत पडद्यावर यावा’ ही गरज.

जून २०१७ मध्ये राज्य शासनाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. हेतू निःसंशय चांगला होता. शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा आणि दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ व्हायची. मात्र लाभाचा घटक ठरला ‘कुटुंब’: पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले. आपल्याकडे कुटुंब एवढ्यावर संपते काय? एका चुलीवर जेवणारे दोन भाऊ, जमीन वडिलांच्या नावे, आईच्या नावे निराळे पीककर्ज, अशी घरे गावोगाव आहेत. शिवाय बँकेच्या दप्तरी असते ते खाते, कुटुंब नव्हे! खाती कुटुंबात गुंफायची कशी, हे माणूस तारतम्याने ठरवील. यंत्राला ते अक्षर न् अक्षर सांगावे लागते. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रमाणपत्रे वाटली गेली. पाठोपाठ याद्यांतील चुका उघड झाल्या आणि फेरतपासणी सुरू झाली. जुने खाते निल झाल्याखेरीज नवे पीककर्ज नाही आणि पेरणी तर कोणासाठी थांबत नाही. डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्ज भरणेच वगळले गेले. बँकांच्या याद्या आणि आधार पडताळणी यांवर काम चालले.

दोष संगणकवाल्यांच्या माथी मारणे सोपे आहे. आमच्या मते, चूक त्याआधीची, कागदावरची. शासन निर्णय मराठीत निघतात. मग प्रणालीचे गरजपत्रक इंग्रजीत का? ते मराठीत लिहावे आणि प्रणाली बांधण्यापूर्वी एखाद्या विविध कार्यकारी सोसायटीच्या गटसचिवाला वाचून दाखवावे. तो चष्मा कपाळावर सरकवून पहिल्याच पानावर विचारील, “थोरला वेगळा निघाला, पण बोजा अजून बापाच्याच सातबाऱ्यावर आहे. त्याला कोणत्या घरात धरू?”