रक्तातील आकडे आणि मणिबेलीचे अंतर

सोळा वर्षांखालील मुलाचा सांधा सहा आठवडे सुजलेला राहिला आणि त्याचे दुसरे कारण सापडले नाही, तर त्या व्याधीस बालसंधिवात म्हणतात. संधिवात हे वार्धक्याचे दुखणे, या समजुतीपायी निदान लांबते आणि वाढत्या वयातील सांधा कायमचा अधू होतो. रोगाचा जोर अजमावण्यास रक्ताची साधी तपासणी साहाय्यभूत ठरते. दाह वाढला की तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग व बिंबाणूंची संख्या बहुधा वाढते. पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांचे परस्पर प्रमाणही उपयोगी पडेल काय, याचा अलीकडे अनेक देशांत अभ्यास झाला आहे. स्वस्त चाचणीतून अधिक ज्ञान मिळविण्याचा हा प्रयत्न गरीब देशांच्या दृष्टीने स्वागतार्हच होय.

परंतु आकडा कोणाच्या रक्तातील, हेही पाहिले पाहिजे. सरदार सरोवराच्या बुडितामुळे देशाला परिचित झालेले मणिबेली हे नर्मदाकाठचे गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे. या जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. त्यातही मुलांचे हातपाय सुजतात, सांधे ठणकतात. मात्र विळ्याच्या आकाराच्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नसल्याने त्यांचा खाली बसण्याचा वेग कमीच दिसू शकतो. म्हणजे शहरात मार्गदर्शक ठरणारा आकडा येथे दिशाभूल करू शकतो. उलट, बालसंधिवाताच्या काही रुग्णांत रक्त निर्दोष दिसत असता डोळ्यांत छुपा दाह चालू असतो. तात्पर्य, चाचणी ही जाणत्या वैद्याच्या परीक्षेची जागा घेऊ शकत नाही.

सन २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम आरंभिली. आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. उद्दिष्ट स्तुत्य आहे. पण तपासलेल्यांची संख्या म्हणजे उपचार नव्हे. सिकलसेलवरील हायड्रॉक्सियुरिया काय किंवा बालसंधिवातावरील मेथोट्रेक्सेट काय, ही औषधे चालू असताना रक्त पुनःपुन्हा तपासावेच लागते. चाचणीचा दर अल्प असला, तरी डोंगर व जलाशय ओलांडून जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी हीच तिची खरी किंमत असते. सरकारी हिशेबात ती कोठेच धरली जात नाही. ती आईबाप भरतात, आणि न परवडल्यास उपचार सोडतात.

नंदुरबार येथे २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील बालरोगतज्ज्ञाने ठरलेल्या दिवशी नर्मदाकाठी यावे, आश्रमशाळांतून लंगडणारी मुले हेरली जावीत, रक्ताचे नमुने तालुक्यास जावेत आणि मूल मात्र घरीच राहावे, ही व्यवस्था अशक्यप्राय नाही. मोहिमेचे यश किती जणांचे रक्त घेतले यावर न मोजता, किती मुलांचे रक्त वर्षभर नियमाने तपासले गेले यावर मोजावे. धरणासाठी ज्यांनी जमीन गमावली, त्यांच्या दारापर्यंत एवढी सोय नेणे हे शासनाचे औदार्य नव्हे, ऋण आहे.