बाहुलीचं लुगडं सोडू नका

इमारत पुनर्विकासाला गेली की घरोघरच्या शोकेस रिकाम्या होतात. आमच्या सोसायटीतही झाल्या. जिन्याखाली ढीग पडला होता आणि त्यात बाहुल्या होत्या. काचेच्या पेटीतलं काश्मिरी जोडपं, लाल काठाच्या साडीतली बंगाली वधू, घागऱ्यातली राजस्थानी, डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण. कुणी दिल्लीच्या सहलीत एम्पोरियममधून आणलेल्या, कुणाला निवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या. भंगारवाल्याला प्लास्टिकचा भाव होता, चिंध्यांचा नव्हता. म्हणून तो तिथेच बसून एकेकीचे कपडे ओरबाडून बाजूला टाकत होता. कोळणीची पाळी आली तेव्हा मी मध्ये पडले. वीस रुपये दिले आणि तिला वर घेऊन आले.

वर आणल्यावर मी जे केलं ते भंगारवाल्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. लुगडं मळलेलं दिसलं म्हणून ते सोडलं आणि रिठ्याच्या पाण्यात बुडवलं. हिरवा रंग उतरला, ते एक झालं. पण कापड वाळल्यावर लक्षात आलं की आता हे परत नेसवायचं कसं, ते मला ठाऊकच नाही. मी स्वतः नऊवारी नेसते म्हणजे वर्षातून एकदा, शिवलेली, चेन ओढून. वीतभर बाहुलीपुढे मी तासभर बसले आणि शेवटी पंचवीस वर्षं आमच्या दारी मासळी घेऊन येणाऱ्या मावशींची वाट पाहिली.

मावशींनी माझी धडपड पाहिली आणि हसल्या. "समोरशी नको धरू गो बाय. पाठमोरी धर." त्यांनी बाहुली मांडीवर घेतली, तिची पाठ आपल्या पोटाशी टेकवली आणि जणू स्वतःच्याच कमरेला गुंडाळताहेत तसे त्यांचे हात चालू लागले. बाहुलीकडे बघतही नव्हत्या. घट्ट वेढा, गाठ, मांड्यांमधून मागे नेलेला काष्टा, पोटऱ्या उघड्या. पदर आलाच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "पदर कशाला? फडकी हाय ना." खरंच की. कोळणीचा जुना पोशाख लुगडं, चोळी आणि खांद्यावरून घ्यायची फडकी असा तीन कपड्यांचा. भंगारातून आलेल्या बाहुलीच्या अंगावर तो तिसरा तुकडा होता आणि मी त्याला रुमाल समजून बाजूला ठेवला होता. मावशी स्वतः आता गोल साडी नेसतात. त्यांच्या सुनेला हे नेसणं येत नाही.

त्या दिवसापासून मी अशा बाहुल्यांकडे खेळणं म्हणून पाहायचं सोडलं. साडी हे न शिवलेलं वस्त्र. अंगावरून उतरली की तिचा आकार संपतो. कपाटात घडी उरते, नेसणं उरत नाही. पैठणी संग्रहालयात ठेवता येते, पण ती कशी नेसली जायची हे त्या घडीतून कळत नाही. ऋता कपूर चिश्ती यांनी देशभर हिंडून साडी नेसण्याच्या 108 पद्धती नोंदवल्या. यांतल्या कित्येक आता फक्त म्हाताऱ्या हातांना माहीत आहेत. जाणत्या हाताने नेसवलेली बाहुली म्हणजे ते नेसणं गाठीसकट थांबवून ठेवलेलं असतं. म्हणून विनंती अशी की तिला टाकू नका, आणि माझ्यासारखं तिचं लुगडंही सोडू नका.

अशा बाहुल्या जमवण्याच्या वेडाचा मोठा वाटाड्या एक व्यंगचित्रकार होता. के. शंकर पिल्लई, म्हणजे 'शंकर्स वीकली'चे शंकर. त्यांनी भरवलेल्या मुलांच्या स्पर्धेसाठी हंगेरीच्या राजदूताने लोकवेशातली एक बाहुली दिली आणि शंकरना तिने असं वेड लावलं की पुढे ज्या ज्या देशात गेले तिथून ते बाहुली घेऊन आले. गावोगावच्या प्रदर्शनांत बांधाबांध करून त्या मोडू लागल्या, तेव्हा कायमच्या जागेचा विचार पुढे आला. 30 नोव्हेंबर 1965 रोजी दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावर बाहुल्यांचं संग्रहालय उघडलं. तिथे साडेसहा हजारांच्या आसपास बाहुल्या आहेत. पण मला त्याहून मोलाची वाटते ती तिथली कार्यशाळा. वेगवेगळ्या प्रांतांचा चेहरा, दागिने, कापड यांचा अभ्यास करून तिथे भारतीय पोशाखांतल्या बाहुल्या घडवल्या गेल्या आणि परदेशातून आलेल्या बाहुल्यांच्या बदल्यात त्या बाहेर गेल्या. 1980 साली पोलंडमधल्या क्राकोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात या बाहुल्यांना पहिलं बक्षीस मिळालं. दिल्लीला गेलात तर लाल किल्ल्यातला एक तास कापून तिथे द्या.

दुसरी वाट बार्बीची. 1959 साली अमेरिकेत जन्मलेली ही साडेअकरा इंचांची बाई आपल्याकडे लिओ मॅटेल या कंपनीने आणली, साडी नेसवून. नव्वदच्या दशकात त्यांची 'एक्स्प्रेशन्स ऑफ इंडिया' ही मालिका निघाली. राजस्थानी, पंजाबी, मणिपुरी अशा पोशाखांची. आज हौशी लोक त्या न उघडलेल्या खोक्यात मिळवण्यासाठी धडपडतात. त्यांच्याशी माझं थोडं भांडण आहे. खोकं बंद राहिलं की किंमत टिकते हे मान्य, पण पाठ कुणी पाहायची? काष्टा तर पाठीमागेच असतो! खोक्यातली बाहुली आणि डिंकाने पाटाला चिकटवलेली शोकेसमधली बाहुली, दोघींची पाठ आपण पाहिलेलीच नसते. निदान फोटो तरी मागून काढा.

काही जण बार्बीला स्वतः नऊवारी नेसवतात. हा छंद मला फार आवडतो, कारण त्यात गणित आहे. ही बाहुली माणसाच्या साधारण सहाव्या हिश्शाची. नऊ वारांचे इंच 324, त्याला सहाने भागलं की 54, म्हणजे दीड वार. तेवढी पट्टी, रुंदी जेमतेम आठ इंच. पण कापड काही सहापट पातळ होत नाही! नव्या कापडाच्या निऱ्या बाहुलीच्या पोटावर गाठोडं होऊन बसतात आणि ओचा खोचला की ती सात महिन्यांची दिसते. म्हणून वापरून वापरून विरलेलं धोतर किंवा मलमल घ्यायचं. चोळीला खणाचा काठाजवळचा, बारीक बुट्टीचा तुकडा. बाजारात साटिनला गोटा चिकटवून 'मराठी वधू' म्हणून जे विकतात, त्यात निऱ्या इस्त्रीने पाडलेल्या आणि काष्टा गायब असतो. असली बाहुली घेऊ नका असं मी स्पष्ट सांगते. त्यापेक्षा सावंतवाडीची लाकडी ठकी घ्या. तिचं लुगडं रंगवलेलंच असतं, सुटायची भीती नाही.

तमिळ घरांत रक्तचंदनाच्या मरप्पाची बाहुल्यांची जोडी असते. नवरात्रात ती गोलूच्या पायऱ्यांवर मांडायची, आणि तिला कपडे घालायचं काम घरच्या बायका-मुलींचं. बाहुली आजीची, कपडा यंदाचा. माटुंग्यात ओळखीचं घर असेल तर नवरात्रात जाऊन पाहून या. आपल्याकडे गौरीपुढच्या आराशीत बाहुल्या मांडतातच. तिथे दर वर्षी एक बाहुली घरातल्या सर्वांत थोरल्या बाईच्या हातून नेसवून घेतली, तर वेगळी कसली मोहीम काढायची गरज उरणार नाही. नेसवताना कुणीतरी मोबाइल धरावा आणि हातांवर धरावा, चेहऱ्यावर नको. वरळीची कोळीण, जव्हारची वारली बाई, गोव्याची खांद्यावर गाठ मारणारी कुणबीण, सदाशिव पेठेतल्या आजी: प्रत्येकीचा वेढा निराळा आहे आणि तो त्या त्या घरातच विचारावा लागेल.

जपणुकीचं थोडं सांगते, कारण चुका माझ्या करून झाल्या आहेत. बाहुली प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. व्हिनाइलचे पाय कालांतराने चिकट होतात आणि पिशवीला धरतात. डांबरगोळी अंगाला लागू देऊ नका, काही प्लास्टिक तिने मऊ पडतं. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवा. पितळी टाचणीची नथ किंवा कुडी असेल तर वर्षातून एकदा पाहा. पितळीत ताक कळकावं तशी ती कळकते आणि बाहुलीच्या गालावर हिरवा डाग उतरतो, तो निघत नाही. ऊन लागू देऊ नका. धूळ मऊ कुंचल्याने झाडा. धुऊ नका. पुन्हा सांगते, धुऊ नका.

आणि ज्यांना ठेवायला खरंच जागा नाही, त्यांनी भंगारवाल्याच्या आधी गावच्या वाचनालयात, शाळेत, महिला मंडळात विचारावं. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय एका माणसाने घरोघरच्या नकोशा वस्तू गोळा करून उभं केलं. अडकित्ते, दिवे, फण्या. त्या वेळी त्याही अडगळच होत्या. एखाद्या शाळेच्या एका काचेच्या कपाटात जिल्ह्यातल्या दहा जातीजमातींची नेसणी उभी राहिली तर मुलांना ती पुस्तकातल्या चित्रापेक्षा जास्त समजतील, विशेषतः कपाट मागूनही पाहता आलं तर.

येत्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं ते खोकं खाली काढा. बाहुली निघाली तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईपुढे ठेवा आणि ही कुठली, हे कोण असं नेसायचं, ते विचारा. मग एक चिठ्ठी लिहून तिच्या पायाशी दोऱ्याने बांधा: कुणाची, कुठून आली, साल कोणतं, नेसवलं कुणी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. शाई दमट हवेत पसरते.